झाकल्या जाणाऱ्या कामांचे घर



स्वतःचे घर बांधणे हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला साजेसा आहे का, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असल्यास ती गैर म्हणता येणार नाही. साहित्य, इतिहास, राज्यकारभार यांच्या पंक्तीत सिमेंट आणि वाळू जरा अवघडूनच बसतात. परंतु सामान्य कुटुंब आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम ज्या एका कामात घालते आणि ज्यासाठी वीस-वीस वर्षांचे कर्ज अंगावर घेते, त्या कामाविषयी त्या कुटुंबाला शाळेत, महाविद्यालयात किंवा अन्यत्र कोणी काहीच शिकवलेले नसते. जे शिकले जाते ते काम चालू असताना, ठेकेदाराच्या तोंडून आणि बहुधा वेळ निघून गेल्यावर. येथे विचार करायचा आहे तो तयार सदनिका विकत घेणाऱ्याचा नव्हे, तर तालुक्याच्या गावी, शहराच्या कडेच्या वसाहतीत किंवा वडिलोपार्जित जागेवर गवंडी आणि ठेकेदार यांच्या हातून स्वतंत्र घर उभे करणाऱ्या महाराष्ट्रातील घरमालकाचा.

या घरमालकाच्या दृष्टीने बांधकामाचे एक वैशिष्ट्य फार महत्त्वाचे आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवतीच फिरणार आहे. घराचे आयुष्य ठरवणारे जवळजवळ प्रत्येक काम झाल्यानंतर झाकले जाते. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटच्या पोटात जाते, विटांचे सांधे गिलाव्याआड जातात, नळ आणि विजेच्या नळ्या भिंतीत गडप होतात, न्हाणीघराच्या फरशीखालचा जलरोधक थर तर कोणाच्या दृष्टीस पुन्हा पडतच नाही. उलट जे कायम दिसत राहते, म्हणजे फरशी, रंग, दर्शनी सजावट, प्रवेशद्वार, ते दहा वर्षांनी बदलता येते. मग कुटुंबाची चर्चा, भांडणे, दुकानांच्या फेऱ्या आणि रविवार कशावर खर्च होतात? जे बदलता येते त्यावर. आणि जे कधीच बदलता येणार नाही, ते झाकण्यापूर्वी कोणी पाहिले? हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारायचा आहे.

पहिली झाकलेली गोष्ट जमिनीच्याही आधीची आहे, ती कागदात असते. महाराष्ट्रात सातबारा उतारा हाती आला की जागा आपली झाली, अशी समजूत सार्वत्रिक आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात जमिनीवरील अधिकारांची नोंद असते, आणि गाव नमुना बारा, ज्यात पिकांची नोंद असते, यांचा एकत्रित उतारा. ही महसुली नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणजेच ती खोटी ठरू शकते, हे त्याच वाक्यात गृहीत आहे. मालकीचा आधार नोंदणीकृत खरेदीखत आणि त्यामागील व्यवहारांची अखंड साखळी हा असतो. म्हणून वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेण्याची रीत आहे. सातबाऱ्यावर वाचायचे ते मुख्यतः दोन ठिकाणी: भोगवटादाराचा वर्ग आणि इतर हक्काचा रकाना. वर्ग दोनची जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीविना हस्तांतरित करता येत नाही, आणि इतर हक्कात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींचा वारसाहक्क, शेजाऱ्याचा वाटेचा हक्क अशा गोष्टी शांतपणे बसलेल्या असतात. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याचा धंदा महाराष्ट्रात किती फोफावला, याची कल्पना यावरून यावी की अशा वसाहती नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्यात घर उत्तम बसते, पण त्या तुकड्याला कायद्याने मान्य असे स्वतंत्र अस्तित्व आहे का, हे मात्र विकणारा सांगत नाही. तुकडेबंदीचे आणि बिनशेतीचे नियम वेळोवेळी बदलत आलेले असल्याने दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने काय केले यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

कागदांचा विचार येथेच आवरता घेऊन एकच गोष्ट जोडायची: खरेदीपूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा प्रत्यक्ष रोवून घ्याव्यात. कुंपणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट गेल्याचे घर पूर्ण झाल्यावर कळले, तर त्या दीड फुटाची किंमत दोन पिढ्या मोजतात.

आता माती. दख्खनच्या पठारावरील काळ्या कसदार जमिनीने शेतकऱ्याला जे दिले, त्याची वसुली ती घर बांधणाऱ्याकडून करते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारे चिकणखनिज भरपूर असते. पावसाळ्यात ती फुगते आणि वर ढकलते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. घराखालची माती सावलीत ओलसर राहते आणि घराभोवतीची सुकते, त्यामुळे एकाच घराचा मधला भाग आणि कडा वेगवेगळ्या दिशेने हलतात. विदर्भ-मराठवाड्यातील घरांच्या भिंतींत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या निघणाऱ्या, उन्हाळ्यात रुंदावणाऱ्या आणि पावसाळ्यात मिटणाऱ्या भेगा हे याचेच लक्षण आहे. दरवर्षी पुट्टी भरून त्या बुजवणारा रंगारी आजाराच्या फक्त पुरळावर मलम लावत असतो.

उपाय नवे नाहीत. काळ्या मातीचा थर फूट-दोन फुटांचा किंवा माणूसभर खोल असला तर तो पूर्ण उकरून मुरमावर, म्हणजे खडक झिजून झालेल्या कठीण दाणेदार थरावर, पाया टेकवावा. थर त्याहून फार खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली, तळाशी फुगीर कंद असलेल्या खुंटांच्या पायाची पद्धत उपलब्ध आहे. यंत्राने खोल भोके पाडून, तळाशी रुंदावून, त्यात सळई आणि काँक्रीट भरतात, त्यामुळे घराचा भार फुगण्या-आकसण्याच्या थराखाली जातो. पाया भरून झाल्यावर उकरलेली काळी मातीच पुन्हा जोत्यात ढकलण्याचा मोह ठेकेदाराला होतो, कारण ती फुकट असते. तेथे मुरूमच भरावा, तोही वीतभर जाडीच्या थरांनी, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून. एकदम चार फूट भराव ओतला आणि वरून पाणी सोडले, तर पहिल्या दोन वर्षांत फरशी पोकळ वाजू लागते. घराभोवती बाहेरच्या बाजूस उताराची काँक्रीटची पट्टी केली, की छपरावरून पडणारे पाणी पायाशी मुरत नाही. जोत्याची उंची ठरवताना आजचा रस्ता प्रमाण मानू नये. आपल्या गावांत प्रत्येक डांबरीकरणाबरोबर रस्ता वर येतो आणि घर आहे तेथेच राहते.

शेजाऱ्याने पाच फूट पाया घेतला म्हणून आपणही पाच फूट घ्यावा, हा हिशेब सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. जुनी विहीर, बुजवलेली खदान किंवा नाल्याचे पात्र शेजाऱ्याच्या भूखंडाच्या कडेला संपून आपल्या भूखंडात सुरू होऊ शकते. भूखंडाच्या दोन-तीन कोपऱ्यांत आधी खड्डे घेऊन थर पाहावेत आणि पायाचे खोदकाम पूर्ण झाल्यावर, पीसीसी म्हणजे तळाचा साधा काँक्रीटचा थर घालण्यापूर्वी, संरचना अभियंत्याने खड्ड्यात उतरून तळ पाहावा. तो तळ झाकला गेला की ती संधी पुन्हा मिळत नाही.

माती झाली, आता जोड. महाराष्ट्राला जोडाचा धडा ज्या घटनेने दिला ती सर्वांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, चारच्या सुमारास किल्लारी आणि परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. हा प्रदेश त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. भूकंप अतिप्रचंड नव्हता. रिश्टर मापनावर तो सहाच्या थोडा वर होता आणि जगात दरवर्षी तेवढ्या तीव्रतेचे कितीतरी भूकंप होतात. मग एवढी माणसे का गेली?

उत्तर भिंतींच्या पोटात होते. त्या भागातील जुन्या घरांच्या भिंती दोन फूट, कधी त्याहूनही जाड, दगड आणि मातीच्या होत्या. बाहेरून दगडांची एक ओळ, आतून दुसरी ओळ आणि मध्ये चिपा व माती, अशी ती रचना. दोन्ही ओळींना एकमेकींशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया-कड्यांवर घातलेला मातीचा जाड थर, जो उन्हाळ्यात घर थंड ठेवी आणि दर पावसाळ्यापूर्वी आणखी माती टाकल्याने पिढ्यान्पिढ्या जड होत जाई. जमीन हलताच भिंतीच्या दोन ओळी एकमेकींपासून सुटल्या, बाहेरची बाहेर आणि आतली आत कोसळली. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती ढिगारा झाल्या, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

यानंतर मराठवाड्यात दगडाची भीती बसली आणि ती समजण्यासारखी होती. पण दगडावर आलेला आळ बराचसा अन्यायाचा आहे. दोष दगडात नव्हता, जोड नसण्यात होता. पुनर्वसनात सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसवली गेली. मात्र त्याहून कितीतरी अधिक गावांत घरमालकांनी शासकीय साहाय्याने आपापली घरे स्वतः दुरुस्त आणि बळकट करून घेतली, आणि तेथे सांगितलेले उपाय अगदी साधे होते: ठराविक अंतरावर भिंतीला भोक पाडून त्यात सळई व काँक्रीटचा आरपार जोड घालणे, छपरावरील मातीचा भार कमी करणे, खांब आणि तुळई यांच्यात तिरपे टेकू देणे, आणि भिंतींच्या माथ्यावर सर्व बाजूंनी अखंड फिरणारा पट्टा बांधणे. हा पट्टा महत्त्वाचा आहे. विटांच्या किंवा दगडांच्या घरात जोत्याच्या पातळीवर, दार-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली, सळई घातलेल्या काँक्रीटची सलग पट्टी चारही भिंतींवरून फिरली, तर भिंती सुट्या राहत नाहीत. धक्का बसला की चौघी मिळून तो घेतात. मात्र पट्टा कोपऱ्यावर तुटता कामा नये, आणि बहुधा तो नेमका तेथेच तुटतो, कारण कोपऱ्यात सळई वाकवून पुरेशी पुढे नेण्याचा कंटाळा केला जातो.

येथे कोणी म्हणेल, आता तर सगळी घरे आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या खांब-तुळयांची असतात, मग किल्लारीचे काय प्रयोजन? प्रयोजन असे की काँक्रीटच्या घरातही मरण जोडापाशीच येते. खांबातील उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्यांना बांधकामावर रिंगा म्हणतात. या रिंगेची टोके काटकोनात वाकवून सोडली, तर मोठ्या धक्क्यात वरचे काँक्रीट फुटताच ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. म्हणून टोके १३५ अंशांत, आतल्या काँक्रीटकडे वळवलेली हवीत, आणि खांब जेथे तुळईला मिळतो त्या भागात रिंगा अधिक जवळजवळ हव्यात. यासाठी लागणारे जादा लोखंड संपूर्ण घराच्या खर्चात जाणवणारही नाही, लागतो तो फक्त रिंगा वळवणाऱ्याचा थोडा वेळ. तळमजल्यावर गाडीसाठी सगळ्या भिंती काढून नुसते खांब ठेवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तीही याच कारणाने तपासून घ्यावी. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेतील ज्या अनेक इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या इमारती ठळकपणे होत्या. पश्चिम महाराष्ट्राला तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण करून देण्याची गरज नसावी.

सळई बांधून झाली, पेटी, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागली आणि काँक्रीट ओतले, की रिंगेचे टोक कोणत्या बाजूस वळले होते हे जगातील कोणीही सांगू शकत नाही. ते झाकण्यापूर्वी कोणी पाहिले?

आता पाणी, आणि याच मुद्द्यावर थोडे अधिक थांबणे इष्ट आहे, कारण घरबांधणीत सर्वांत स्वस्त असलेली ही वस्तू सर्वांत महाग चुका करते. सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होते, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. वास्तविक सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. त्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्याएवढे पाणी पुरते. काँक्रीट पेटीत नीट बसावे म्हणून त्याहून अधिक पाणी घालावे लागते, आणि हे अधिकचे पाणी पुढे उडून जाताना मागे सूक्ष्म पोकळ्या सोडते. जितके पाणी जास्त तितक्या पोकळ्या जास्त, तितकी ताकद कमी आणि तितकीच ओल व हवा सळईपर्यंत सहज पोचते. म्हणून साध्या घराच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी, म्हणजे ५० किलोच्या एका गोणीस सुमारे २५ लिटर, हे ध्यानात ठेवण्याजोगे प्रमाण आहे. आता प्रत्यक्ष स्लॅबच्या दिवशी काय होते? सकाळी काँक्रीट बऱ्यापैकी घट्ट असते. दुपारी ऊन चढते, माणसे थकतात, घमेली जड वाटू लागतात आणि मिक्सरवर पाण्याची नळी मोकळी सुटते. पातळ काँक्रीट झरझर पसरते आणि पाहणाऱ्या घरमालकालाही काम छान चालल्याचा आनंद होतो. त्याच वेळी एका गोणीमागे पडलेल्या आठ-दहा लिटर जादा पाण्याने छपराच्या ताकदीचा मोठा हिस्सा वाहून गेलेला असतो.

यात वाळूतील ओलीचा हिशेबही येतो. ओल्या वाळूत वजनाच्या ५ टक्के पाणी असले, तर एका गोणीच्या मिश्रणात लागणाऱ्या वाळूतूनच सुमारे चार लिटर पाणी आलेले असते. ते वरून घालायच्या पाण्यातून वजा करायला हवे. त्याच ओलीने वाळू फुगते, म्हणजे कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसून तिचे आकारमान पंचवीस टक्के किंवा अधिक वाढू शकते. वाळू आपल्याकडे ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने विकली जाते. तेव्हा ओल्या वाळूच्या एका ब्रासमागे जवळपास पाचवा हिस्सा हवेचे पैसे दिले जातात, हे लक्षात घेतल्यास भाव ठरवताना घासाघीस करण्याला जरा वेगळे वळण लागेल. लोखंडाच्या बाबतीत असा घोळ टाळणे सोपे आहे. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते आणि १२ मीटरची एक अखंड सळई साडेदहा किलोंच्या थोडी वर. नग मोजून आणि गुणाकार करून काट्याच्या पावतीशी ताडून पाहायला दहा मिनिटे पुरतात.

पाण्याचे दुसरे अंग म्हणजे काँक्रीट ओतल्यानंतर पाणी मारणे. रासायनिक क्रिया अनेक दिवस चालू राहते आणि तोवर काँक्रीट ओलेच राहिले पाहिजे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि राखमिश्रित किंवा धातुमळीमिश्रित सिमेंटसाठी, तसेच उष्ण-कोरड्या हवेत, किमान १० दिवस सांगितले आहेत. आज बाजारात घरबांधणीसाठी मिळणारे सिमेंट बहुधा राखमिश्रितच असते. स्लॅबवर मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवतात, ते बहुधा नीट होते, कारण ते दिसते. खांबांचे काय? ज्या खांबांवर तो स्लॅब उभा राहणार, त्यांच्या वाट्याला सकाळी एकदा नळीचा फवारा येतो आणि दुपारपर्यंत ते कोरडे ठणठणीत होतात. गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवणे एवढेच करायचे असते, तरी ते क्वचितच होते. मार्च-एप्रिलमध्ये विहिरी आटलेल्या असताना बांधकाम काढायचे आणि मग टँकरच्या पाण्यात काटकसर करायची, हे वेळापत्रकच मुळात चुकीचे आहे.

आणखी एक घाई टेकूंची. स्लॅबखालील पेटी आणि टेकू यांना सेंट्रिंग म्हणतात. सेंट्रिंगवाल्याला ते पुढच्या कामावर न्यायचे असते आणि म्हणून तो काही दिवसांतच अस्वस्थ होतो. मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्यांचे १४ दिवसांनी आणि तुळयांचे गाळ्याप्रमाणे १४ ते २१ दिवसांनी काढायचे असतात. राखमिश्रित सिमेंट असेल तर त्याहून अधिक थांबणे शहाणपणाचे. सळई आणि पेटी यांच्यात अंतर राखणारे छोटे ठोकळे, ज्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात, ते खडीच्या तुकड्यांचे नसावेत, सिमेंटचे घोटून केलेले असावेत. स्लॅबमध्ये २०, खांबात ४० आणि पायात ५० मिलिमीटर एवढे काँक्रीटचे कवच सळईभोवती हवे; ते नसले, तर पंधरा-वीस वर्षांत छताच्या खालच्या बाजूने गिलावा फुगतो, मग गंजलेली सळई डोकावते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत याला तेवढाही वेळ लागत नाही.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर छपराविषयी एक निरीक्षण नोंदवण्यास हरकत नसावी. जेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि पुढे झुकलेल्या रुंद वळचणी हा पिढ्यांच्या अनुभवातून आलेला निर्णय होता. तो मागासलेपणाचा ठरवून सपाट स्लॅब घातले गेले, ते गळू लागले, आणि आज गावोगावी त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातलेले दिसतात. म्हणजे एकाच घरावर दोन छपरांचा खर्च झाला आणि शेवटी छप्पर उतरतेच ठरले. घाटावर सपाट गच्ची चालते, परंतु तिला किमान शंभरास एक एवढा उतार, पाणी जाण्यास एकाहून अधिक वाटा आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा हवा. न्हाणीघरातील जलरोधक थर झाल्यावर त्यात दोन दिवस पाणी कोंडून खालच्या मजल्यावरून पाहणी केल्याशिवाय फरशी बसवू देऊ नये. भिंतींविषयीही असेच एक निरीक्षण: बर्मिंगहॅममध्ये जन्मून केरळात घरे बांधण्यात आयुष्य घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी उभ्या विटांमध्ये पोकळी ठेवणारी जी भिंत भारतभर लोकप्रिय केली, तिच्यात विटांची सुमारे पंचवीस टक्के बचत होते आणि पोकळीतील हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. सोलापूर-अकोल्याच्या पश्चिम भिंतींसाठी ती अधिक वापरली जायला हवी होती. गवंड्यांना ती येत नाही, हे तिच्या मागे पडण्याचे खरे कारण आहे.

एवढे सगळे पाहायचे कोणी? घरमालकाने नोकरी सोडून उभे राहायचे काय? तसे नाही. नगरपरिषदेत मंजुरीसाठी दिलेला नकाशा आणि बांधकामाचा नकाशा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे समजले तरी निम्मे काम होते. मंजुरीच्या नकाशात खोल्या, सामासिक अंतरे म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, आणि क्षेत्रफळ असते. त्यात एकही सळई नसते. सळई, पाया, तुळया यांचे नकाशे संरचना अभियंता देतो, आणि त्याच्याशी केवळ नकाशांचा नव्हे, तर प्रत्येक काँक्रीटपूर्वीच्या भेटीचाही व्यवहार लेखी ठरवावा: पायाचा तळ, खांबांच्या रिंगा, जोत्याची तुळई, स्लॅबचे लोखंड. चार-पाच भेटींची ही फी संगमरवरी देवघराच्या खर्चापेक्षा सहसा कमीच भरते, पण तिच्याविषयी घासाघीस मात्र अधिक होते. घरमालकाने स्वतः करायचे ते एवढेच की गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, बाजूला मोजपट्टी धरून, मोबाइलने छायाचित्र घ्यावे, म्हणजे दहा वर्षांनी खिळा ठोकताना नळ फुटत नाही.

ठेकेदाराशी करार बहुधा चौरस फुटाच्या दराने होतो, आणि भांडणेही तेथूनच निघतात. जिना धरायचा का? छज्जे, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, शोषखड्डा कोणत्या दरात? दर केवळ मजुरीचा की मालासह? मालासह असेल तर सिमेंट कोणते आणि सळई कोणत्या दर्जाची? ज्यादा कामाचा दर आधी लिहिलेला नसला, तर तो काम झाल्यावर लिहिला जातो आणि तेव्हा लेखणी ठेकेदाराच्या हातात असते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, झालेल्या कामाच्या पुढे कधीही जाऊ नये, आणि एकूण रकमेचा पाच ते दहा टक्के हिस्सा पहिला पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवण्याचे करारातच लिहावे. ठेकेदार वाईट असतो म्हणून नव्हे. जोत्यापर्यंतच्या कामात जास्त उचल घेऊन ती दुसऱ्या कामावर लावणे हा या धंद्याच्या भांडवलाचा नेहमीचा मार्ग आहे आणि त्या मार्गावर शेवटी अडकतो तो सरळ घरमालक. कुटुंबानेही अंदाजपत्रकाच्या वर दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवावी आणि ती संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड निवडू नये.

राहता राहिला वरचा मजला. गावोगावी घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळया आकाशाकडे तोंड करून वर्षानुवर्षे उभ्या असतात. मुलाच्या लग्नानंतर मजला चढवू, या आशेची ती खूण. परंतु दुसरा मजला गच्चीवर ठरत नाही, तो पायात ठरतो. पाया आणि खांब एकाच मजल्यासाठी आखलेले असतील, तर वर काढलेल्या सळयांना काही अर्थ नाही. आणि दोन मजल्यांसाठी आखलेले असतील, तर तसे लिहिलेला नकाशा घरात हवा, कारण मजला चढवण्याची वेळ येईल तेव्हा अभियंता आणि गवंडी दोघेही बदललेले असण्याची शक्यता आहे. उघड्या सळया पाच-सात पावसाळ्यांत गंजून बारीक होतात आणि गंज खाली खांबाच्या आत उतरतो. म्हणून त्या ठेवायच्याच असतील तर त्यांच्यावर सिमेंटची घट्ट रबडी फासून वर विटांचा किंवा पातळ काँक्रीटचा चौकोन बांधावा, जो पुढे फोडता येईल, आणि खांबाच्या माथ्याशी पाणी साचणार नाही असा उतार द्यावा. मजला चढवण्यापूर्वी या सळया घासून त्यांचा उरलेला व्यास मोजावा. तो मूळ नकाशातील व्यासापेक्षा कमी भरला, तर नव्या सळया जोडण्याचे काम संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे, गवंड्याच्या अंदाजाने नव्हे.